चुलीपुढची सुमती

मुलाखत घ्यायला येणारी तरुण मुलं पहिला प्रश्न ठरलेलाच विचारतात, तुमची पहिली भूमिका कोणती? मीही ठरलेलंच उत्तर देते. राज्य नाट्यस्पर्धेचं नाव घेते, नागपूरच्या प्रयोगाची एखादी गंमत सांगते, ती मुलं लिहून घेतात, चहा पितात आणि जातात. खरं उत्तर द्यायचं तर त्यांना बराच वेळ बसवून घ्यावं लागेल, आणि इतका वेळ हल्ली कोणाकडे असतो! माझी पहिली भूमिका मी वर्ध्याजवळच्या आंजी गावात, आमच्या घरात, चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता केली. समोर प्रेक्षक नव्हते, तवा होता. भिंतीपलीकडे ओसरीवर गावातले पाच-सात मिशीवाले पुरुष होते. ते माझ्याशी बोलत होते, माझ्यावर रागावत होते, माझी क्षमा मागत होते, पण माझ्याकडे बघत कोणीच नव्हतं.

आंजीच्या नावापुढे कंसात 'मोठी' लिहितात. गाव मला कधी मोठं वाटलं नाही, घर मात्र फार मोठं वाटायचं. होतं ते तीन खोल्यांचं, कौलारू. पुढे ओसरी, मग मधली खोली, आणि ओसरीच्या डाव्या अंगाला दार असलेलं स्वयंपाकघर. पण त्यात माणसं दोनच, बाबा आणि मी. मी पाचवीत असताना आई तापानं गेली. बाबा गावातल्या शाळेत मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. वर्गात ते तास तास बोलायचे आणि बहुधा सगळं बोलणं तिथेच संपवून यायचे. घरी आले की टोपी खुंटीला, पाय धुवायचे, आणि पेपर घेऊन ओसरीवरच्या खांबाला टेकायचे. मी चहा नेऊन ठेवायची. ते पेपराआडून 'हं' म्हणायचे. त्या एका 'हं'वर मी कितीतरी संध्याकाळी काढल्या आहेत.

आई होती तेव्हा घरात तिचा आवाज असायचा. ती काही फार बोलकी नव्हती, पण आवाज असा, की स्वयंपाकघरात हळू बोलली तरी ओसरीच्या टोकाला शब्द न् शब्द पोचावा. जेवणाची वेळ झाली की ती चुलीपुढूनच हाक द्यायची, "चाला वो जेवाले, निवून राह्यलं!" बाबा म्हणायचे, "आलो." म्हणायचे आणि हलायचे नाहीत. मग दुसरी हाक. हे रोज चालायचं, आणि मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असंच चालत असेल. ती गेल्यावर हाक बंद झाली. मी ताट वाढून मुकाट्यानं ओसरीवर नेऊन ठेवायची. हाक मारायचं धाडस मला कधी झालं नाही, आणि ताट वेळेवर यायला लागल्यामुळे बाबांना 'आलो' म्हणायची गरजही उरली नाही.

आमच्याकडे बोलणं सुरू व्हायचं ते पोळा झाल्यावर. गावात नवरात्रात शारदा बसायची आणि शारदेपुढे गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. ते बसवायचे बाबा. तालीम आमच्या ओसरीवर. दिवे लागले की एकेक माणूस यायचा, दारात चिखलाच्या चपला साचायच्या, पावसाळी हवेत विड्यांचा वास कोंदायचा, आणि वर्षभर मुकं असलेलं आमचं घर एकदम नवरा-बायको, सासरे-जावई, सावकार-फौजदार यांच्या भांडणांनी दणाणायला लागायचं. मला ते सगळं फार आवडायचं. शाळेतून येतानाच पाय भराभर उचलायचे. आज कोणाला घराबाहेर काढणार, आज कोण रडणार, याची उत्सुकता असायची. तालमी संपल्या की दिवाळी यायची, आणि दिवाळीत आमचं घर सगळ्यात जास्त शांत असायचं.

आता त्या नाटकांची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुरुषांची कामं गावातले पुरुष करायचे, पण बाईचं काम गावातली बाई करत नसे. ते कोणी ठरवलं होतं असं नाही, पण कोणी मोडतही नव्हतं. त्या कामासाठी नागपूरहून नटी यायची. ती प्रयोगाच्या दिवशी दुपारी एस.टी.नं उतरायची, रात्री काम करायची आणि सकाळी पुढच्या गावाला जायची. तिला शेकडो नाटकं पाठ असत, तिला तालीम लागत नसे. तालीम लागायची ती आमच्या लोकांना. मग ओसरीच्या मधोमध एक पाट ठेवायचे. तो पाट म्हणजे नायिका. सगळ्यांनी पाटाकडे बघून बोलायचं, आणि पाटाची वाक्यं बाबा पुस्तकातून वाचायचे, तीही हजेरी घेतल्यासारखी. "नाथ, मला टाकून जाऊ नका. पुढे?" असं.

एकदा वाचता वाचता बाबांना ठसका लागला. नायक वाट बघत थांबला. मी आत भाकर उलटत होते आणि ऐकून ऐकून मला ते सगळं पाठच झालं होतं. माझ्या तोंडून वाक्य निघून गेलं. मुद्दाम नाही, शिंक येते तसं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण बाबा ठसका आवरून म्हणाले, "पुढचं?" मी पुढचंही म्हटलं. त्या दिवसापासून पाटाची वाक्यं माझ्याकडे आली. मी आत, पाट बाहेर. आमची शेजारीण कौसल्याकाकू दुसऱ्या दिवशी ताक घेऊन आली आणि म्हणाली, "बाप्पा, काल रातच्याले मी भिंतीले कान लावून उभी राह्यली वं. मले वाटलं तुही मायच बोलून राह्यली." तिनं पदर डोळ्यांना लावला. मला नुसतं बरं वाटलं, की माझ्या आवाजाची दखल घेणारं गावात कोणीतरी आहे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी नववीत होते. नाटकाचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही, तेव्हाची नाटकं सगळी एका आईची लेकरं असायची. नायिकेचं नाव सुमती. नवरा दारू पितो, सुमती सोसते, तिसऱ्या अंकात घर सोडून जाते आणि नवऱ्याचे डोळे उघडतात. नवऱ्याच्या कामाला नामदेवकाका. ते वर्ध्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होते. धिप्पाड गडी, आवाज कडक, आयुष्यात दारूला शिवलेले नव्हते, आणि झिंगलेला माणूस करायचा म्हटला की लंगडायला लागायचे. पण मनानं फार चांगले. ते पाटासमोर हात जोडून "सुमती, एकदा माझ्याकडे पाहा" म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची मान आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे वळायची, कारण उत्तर तिकडून यायचं. बाबा ओरडायचे, "नामदेवा, पाटाकडे पाह्य!" पुन्हा तेच व्हायचं. आत मी चुलीकडे बघत म्हणायची, "तुम्ही कधी माझ्याकडे पाहिलंत का?" सुमतीचं ते वाक्य होतं. पण ते म्हणताना मी तव्यावरची भाकर उलटायची विसरायची. मला नाटकात काम करायचं होतं का, ते मला सांगता आलं नसतं. एवढंच हवं होतं, की मी बोलत असताना एकदा, एकदाच, कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघावं. हे सांगायला घरात कोणी नव्हतं, म्हणून ते मी सुमतीकडून सांगत होते.

प्रयोगाच्या दिवशी दुपारच्या गाडीनं रजनीबाई आल्या. भिंतीवरच्या कागदांवर 'नागपूरची सुप्रसिद्ध नटी कुमारी रजनी' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात चाळिशीची, जाडसर, दमलेली बाई पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी राहिली. नट्यांना घरात उतरवून घ्यायला गावातल्या बायका राजी नसत. आमच्या घरात नाही म्हणणारी बाईच नव्हती, म्हणून येणारी नटी दरवर्षी आमच्याकडे उतरायची. रजनीबाई आत आल्या, चपला काढल्या, पेटी ठेवली आणि काहीतरी म्हणाल्या. मला ऐकूच आलं नाही. त्यांनी गळ्याला हात लावून दाखवला. आदल्या रात्री केळझरकडच्या एका गावात खेळ झाला होता, त्याच्या आदल्या रात्री आणखी पलीकडे. वाटेत पावसात भिजल्या होत्या. घसा पार बसला होता. नुसती हवा निघत होती.

मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, हळदीचं दूध दिलं, ओवा भाजून फडक्यात बांधून शेकायला दिला. मग जेवायला वाढलं. त्यांच्यासाठी सकाळपासून खपून पाटवड्यांचा रस्सा केला होता, वर हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातला होता, पण तिखट घशाखाली उतरेना. शेवटी मऊ भात, तुरीचं वरण आणि तूप घेतलं. पहिला घास घेण्याआधी त्यांनी हातानं खूण करून मला समोर बसवलं आणि एका ताटात माझ्यासाठी वाढलं. आई गेल्यापासून मी जेवताना समोर कोणी बसलेलं नव्हतं. बाबांचं झालं की मी चुलीपाशी बसून उरकून घ्यायची. त्या दिवशी मला घास गिळता येईना. रजनीबाईंना वाटलं असेल पोरगी लाजते.

"कोणतं नाटक आहे?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "नवरा दारू पिते ते, का नवरा आंधळा होते ते?"

"दारू पितो ते," मी म्हटलं.

"मंग शेवटी जहर घेतो का मी?"

"नाही, घर सोडून जाते."

"चांगलं आहे. मरायचं नसलं का लुगडं खराब होत नाही." आणि त्या हसल्या, पण हसण्याला आवाजच नव्हता.

तेवढ्यात ओसरीवर माणसं जमली. नटीचा घसा बसल्याची बातमी गावभर झाली होती. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलबंड्या निघाल्या असतील, मांडव उभा आहे, भोंगेवाला येऊन तारा ओढतो आहे, आणि नायिका मुकी. नाटक पडलं तर गावाचं नाक जायचं. एक जण म्हणाला आपल्यातल्याच कोणाला लुगडं नेसवू. बाकीच्यांनी एकमेकांच्या मिशांकडे बघितलं. मी दाराआड उभी होते. मग नामदेवकाका हळूच म्हणाले, "गुरुजी, मंदीले सारं पाठ हाय. तिलेच उभी केली तं?"

मंदी म्हणजे मी. मी दाराला आणखी चिकटले.

"नाई," बाबा म्हणाले.

"पन गुरुजी, आपल्या घरचीच पोरगी..."

"नाई म्हटलं ना!" बाबांचा आवाज इतका चढलेला मी घरात कधी ऐकला नव्हता. तेव्हा रजनीबाई उठून दारात गेल्या आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, उभी मी राहतो. तोंड मी हालवतो. पोरगी विंगेत बसून बोलंन. भोंगा तं दोन्हीकडे आहे, कोणाले समजते कोण बोलून राह्यलं ते?"

बाबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. मग म्हणाले, "आवाज जाऊ द्या. पोरगी बाहेर येणार नाई."

दुपारभर आम्ही बसलो. त्यांना कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, ते माझ्याकडून कळायला हवं होतं. मी चुलीपाशी बसून म्हणायला लागले. त्यांनी थांबवलं. "तिकडे नको. माझ्याकडे पाहून म्हण." मी प्रयत्न केला, पण दोन शब्द झाले की डोळे परत चुलीकडे. सवयच ती. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, "काऊन वं, तू चुलीले कायले सांगून राह्यली? चुलीनं काय केलं तुझं?" मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. त्यांनी विचारलं नाही काय झालं. रडणं आवरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "हां, आता म्हण. आवाज चांगला तयार झाला." अशी ती बाई. कामातलं तेवढं बघायची.

रात्री जेवणं आटोपून माणसं आली. शाळेच्या पटांगणात बांबूच्या तट्ट्यांनी आणि बल्ल्यांनी उभारलेला रंगमंच, बिजली होती पण तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून दोन गॅसबत्त्याही टांगलेल्या. एका बाजूला बाया, एका बाजूला बापे. मी डाव्या विंगेत स्टुलावर, समोर माइक. उजव्या विंगेत बाबा, मांडीवर पुस्तक, हातात टॉर्च. मधे रजनीबाई, आणि रंग लावून उभी राहिलेली ती बाई बघून मी थक्क झाले, दुपारचा थकवा कुठच्या कुठे गेला होता. पडदा उघडला. मी बोलले. दोन्ही भोंग्यांतून माझा आवाज साऱ्या पटांगणावर पसरला आणि रजनीबाईंचे ओठ बरोबर हलले. सगळं जमलं असं वाटलं, आणि तेवढ्यात नामदेवकाका आले. रजनीबाई उभ्या होत्या त्यांच्या उजव्या हाताला. आणि काका माझ्या आवाजासरशी वळले डावीकडे. बायकोकडे पाठ करून त्यांनी विंगेला विचारलं, "सुमती, तू रडतेस?"

लोक हसले. काका गोंधळून उजवीकडे वळले. मी पुढचं वाक्य म्हटलं, मान परत डावीकडे. महिना-दीड महिना त्यांच्या कानांना त्याच बाजूनं सुमती ऐकायची सवय लागलेली, ती एका रात्रीत कशी सुटणार? नुसते काकाच नाहीत, सासरा आला तोही डावीकडे, सावकार आला तोही डावीकडे. कोणीतरी मागून ओरडलं, "ओ नामदेवराव, बायको इकडे हाय गा!" आणि पटांगण खो खो हसायला लागलं. पहिल्या अंकाचा पडदा पडला तेव्हा काका घामानं निथळत होते. रजनीबाईंनी मात्र पाण्याचा घोट घेतला, स्टेजवर इकडून तिकडे एक चक्कर मारली आणि मला म्हणाल्या, "हे काही वळत नाही आता. मीच इकडे येतो."

दुसऱ्या अंकात त्या थेट माझ्या विंगेपाशी येऊन उभ्या राहिल्या. आता काका डावीकडे वळले की समोर बायकोच. काम एकदम ठाकठीक झालं. सगळं नाटक डाव्या कोपऱ्यात सरकलं, उजवी बाजू रिकामी पडली, तेव्हा तिकडे बसलेले लोक कुरकुरत उठले, घोंगड्या-पोती उचलून इकडच्या बाजूला येऊन बसले. पुढे मी मोठमोठ्या दिग्दर्शकांकडे काम केलं, स्टेजवर कुठे उभं राहायचं यावर दिवस दिवस वाद ऐकले. ते ऐकताना मला हमखास तो आंजीचा सरकलेला प्रेक्षक आठवतो आणि हसू येतं.

तिसऱ्या अंकात सुमती जाते. तिचं मोठं भाषण आहे. ते नवऱ्याकडे बघून म्हणायचं, पण रजनीबाईंनी नवऱ्याकडे पाठ केली आणि विंगेकडे तोंड. लोकांना वाटलं, तिला नवऱ्याचं तोंड बघवत नाही. त्या बघत होत्या माझ्याकडे. माझ्यापासून हातभर अंतरावर त्यांचा चेहरा, गॅसबत्तीचा उजेड एका गालावर, आणि डोळे माझ्या डोळ्यांत. मी म्हटलं, "तुम्ही कधी माझ्याकडे पाहिलंत का? या घरात मी उठले, बसले, रांधलं, वाढलं, आणि तुम्ही भिंतीशी बोलावं तसं माझ्याशी बोललात." माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते, पण त्या आता नुसत्या ओठ हलवत नव्हत्या, ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं सगळं पटांगण होतं, पण मला तिथे एकच माणूस दिसत होतं, आणि ते माझ्याकडे बघत होतं. मी त्या वेळी जे सुख अनुभवलं त्याच्या जवळपास जाणारं काही मला पुढे कुठल्या टाळीत मिळालं नाही. बाया हुंदके देत होत्या, कौसल्याकाकू सगळ्यात मोठ्यानं. मी पलीकडच्या विंगेकडे नजर टाकली. बाबांनी टॉर्च विझवला होता. पुस्तक मिटून, मान खाली घालून ते बसले होते. मला वाटलं माझं कुठेतरी चुकलं.

माझ्या पहिल्या सिनेमात याच्या उलट झालं. चेहरा माझा ठेवला आणि आवाज दुसऱ्याच कोणा बाईचा घातला, माझ्या बोलण्यात वऱ्हाडी वळण येतं म्हणून. थिएटरात बसून मी माझेच ओठ परक्या आवाजात हलताना बघितले. सोबतचे लोक मला म्हणत होते वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाईट वाटत होतं ते त्या दुसऱ्या बाईसाठी. ती कुठल्या तरी बंद खोलीत काचेमागे एकटी उभी राहून बोलली असेल, आणि तिच्यासमोर रजनीबाई नसतील.

सकाळी रजनीबाई निघाल्या. बाबा त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला पेटी उचलून उभे राहिले. दारातच त्या थांबल्या. घसा जरा सुटला होता. "गुरुजी, पुढच्या साली मले बोलावू नका," त्या म्हणाल्या. "घरात असून नागपूरले कायले येता?" बाबा म्हणाले, "गाडी चुकंन." माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्या गेल्या. मी त्यांना परत कधी भेटले नाही. नागपूरला गेल्यावर पुष्कळ चौकशी केली, त्या नावाच्या दोन-तीन जणी निघाल्या, पण त्या माझ्या रजनीबाई नव्हत्या.

मग दिवाळी आली, कापूस वेचणी आली, आणि घर पूर्वीसारखं झालं. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा वाईट. एकदा कोणी आपल्याकडे बघितलं की न बघणं जास्त लागतं. बाबा जास्तच गप्प झाले. प्रयोगाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी ताट नेऊन ठेवायची, ते जेवायचे. मुक्कामी गाडी गावात शिरल्याचा आवाज आला की मला वाटायचं आपण हिच्यात बसून सकाळी कुठेतरी जावं. कुठे, ते सुचायचं नाही. दहावीचं वर्ष सुरू झालं. पाऊस पडून गेला, बैल सजले, पोळा फुटला.

पहिल्या तालमीला माणसं जमली. नामदेवकाकांनी सवयीनं कोपऱ्यातला पाट उचलून मधोमध ठेवला. मी आत तवा ठेवला. बाबांनी पुस्तक उघडलं, मिटलं. मग उठून त्यांनी तो पाट उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला.

"मंदे," ते म्हणाले, "बाहेर ये."

मला कळेना मला बोलावलं की अजून कोणाला. हाताला पीठ तसंच. दारात आले. "तिथं उभी राह्य," त्यांनी पाट होता ती जागा दाखवली. मी उभी राहिले. नामदेवकाकांचं पहिलं वाक्य होतं, ते त्यांनी म्हटलं, आणि म्हणताना माझ्या अंगावरून बघत स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. सगळे हसले. काकाही हसले, म्हणाले, "आता कुठी पाहू, समजून नाई राह्यलं बाप्पा." मीही हसले. हसताना बाबांकडे बघितलं. ते हसत नव्हते. तेही स्वयंपाकघराच्या दाराकडेच बघत होते. आत चूल होती आणि माझी जळत चाललेली भाकर.

तालीम संपून माणसं गेल्यावर मी आत येऊन ताट घेतलं. बाबा नेहमीसारखे खांबाला टेकून बसलेले नव्हते, ओसरीवर मधोमध उभे होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मागच्या साली मी तुले नाई म्हटलं, ते लोकांसाठी नाई म्हटलं. लोक काय, बोलतात अन् इसरतात." त्यांनी खांबाला हात टेकला. "तू आतून बोलली का मले वाटे, ती हाय घरात. वर्षातून महिना-दीड महिना हाय. तू बाहेर आली तं आत कोण राह्यते?"

मी ताट हातात घेऊन उभी. इतकं बोलणं त्यांनी माझ्याशी कधीच केलं नव्हतं. आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, तोंडाकडे. डोळे भरलेले होते. मला ते हवं होतं, कित्येक वर्षं हवं होतं, आणि आता मिळालं तर मला त्यांच्याकडे बघवेना.

"एक डाव आतून म्हण," बाबा म्हणाले. "मंग नाई सांगणार मी तुले आत बस म्हणून."

मी आत गेले. ताट चुलीपाशी ठेवलं. सुमतीची सगळी वाक्यं मला पाठ होती, नव्या नाटकातलीही आजच्या तालमीत दोन-चार झाली होती. त्यातलं एकही तोंडात येईना. मी चुलीकडे तोंड करून बसले, आणि फार मोठ्यानं नाही, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "चाला वो जेवाले, निवून राह्यलं."

मग बाबा म्हणाले, "आलो."